हटवारांचा दुपट्टा

भिलाईत कुठलीही वस्तू अर्धा दिवस उघड्यावर राहिली की तिच्यावर तांबूस धूळ बसते. पोलादाच्या कारखान्याची, म्हणजे आमच्या प्लांटची धूळ. वाळत घातलेल्या कपड्यांवर, सायकलच्या सीटवर, तुळशीच्या पानांवर ती सारखीच बसते, कोणाचं पद पाहत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये अध्यक्षांसाठी हातांची एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावरही बसायची. बाकी आम्हा सगळ्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या आम्ही फुंकर मारून वापरत असू, किंवा न मारताच. लाकडी खुर्ची मात्र तुळशीराम हटवार पुसत. खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढायचा, एकदा झटकायचा, आधी पाठ, मग हात, मग बैठक, आणि शेवटी वाकून खुर्चीचे पाय. अध्यक्ष खुर्चीच्या पायांवर बसत नाहीत, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते वाकलेलेच राहून म्हणाले, "सरजी, देवाचा पाट आपन खालून नाई पुसत का?"

ही सेवा सरसकट सगळ्यांसाठी नव्हती. पाहुणे म्हणून एकदा देवांगनजी आले होते. ते छत्तीसगढी, ठेकेदारी कामगारांच्या युनियनचे पुढारी. त्यांना मानाने त्याच खुर्चीवर बसवलं. हटवार भिंतीला टेकून उभे होते आणि दुपट्टा खांद्यावरच होता. देवांगनजी भाषण करायला उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर मागून खुर्चीचा तांबडा छापा उमटलेला होता. हटवारांनी तो शांतपणे, शेवटपर्यंत पाहिला.

मी मूळचा रायपूरचा. आमची घरं तिथे इतकी जुनी, की पहिला माणूस कुठून आणि कशासाठी आला हे सांगणारं आता कोणी नाही. त्यामुळे तो मोठ्या कामासाठीच आला असणार अशी आमची समजूत आहे. मी टाउनशिपमधल्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि सेक्टर ६ मध्ये हटवारांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. मंडळात दोन तऱ्हेची माणसं होती. एक आम्ही, रायपूर-दुर्गचे: मास्तर, वकील, बँकेतले. दुसरे भंडारा-गोंदियाकडून प्लांटमध्ये आलेले शेतकऱ्यांच्या घरचे लोक. संक्रांतीला सगळे एकमेकांना तिळगूळ देत, पण जेवायला बसलं की न सांगता दोन पंगती होत. आपलं मराठी शुद्ध असं आम्हाला वाटे. आमची मुलं घरात हिंदीत भांडत, ते आम्ही हिशेबात धरत नसू.

हटवार साकोलीकडच्या एका खेड्यातून तरुणपणी आले आणि प्लांटच्या रेल मिलमध्ये, जिथे रूळ बनतात, लागले. सुरुवातीच्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एवढं सांगत, की शिफ्टमध्ये तोंड उघडलं की लोक हसायचे. त्यांच्या हिंदीत मराठी शिरे आणि मराठीत धान, बांध, तळं. बंगाल्यांची पूजा होती, मल्याळी लोकांचा समाज होता, तेलुगू लोकांचं देऊळ होतं, आणि प्रत्येकाचा कोणीतरी एक माणूस असा होता की जो साहेबाच्या केबिनमध्ये दार न वाजवता जाई. "आमचा कोनी नोता," हटवार म्हणत. "सुट्टी मांगाले गेलो तं उभाच राहो. बाकीचे यायचे, घेऊन जायचे, मी उभा."

मग प्लांटच्या फाटकासमोर युनियनच्या एका गेट मीटिंगला एक उंच, सावळा माणूस माइकवर आला आणि हिंदीतली चार वाक्यं झाल्यावर मध्येच थांबून म्हणाला, "का बा भंडारावाले, बरे हा ना सारे?" गर्दीतून कोणी हसलं नाही. हटवारांनी ती गोष्ट मला अनेकदा सांगितली. "मी सायकल धरून उभा होतो, सरजी. सायकल सोडून देल्ली. माह्या गावची बोली माइकवर पहिल्यांदाच आयकली." त्या माणसाला पुढे सगळे भाऊसाहेब म्हणू लागले. आडनाव सांगत नाही. ते हयात आहेत आणि त्यांचे लोकही.

भाऊसाहेब प्लांटच्या युनियनचे मोठे पुढारी झाले, मग मंडळाचे अध्यक्ष झाले. ते वाईट वक्ते नव्हते. कामंही करत, विशेषतः जी लोकांना दिसतील ती. एकदा ते हटवारांच्या क्वार्टरवर आले, जमिनीवर मांडी घालून बसले, अंबाडीची भाजी आणि भात मागून घेऊन खाल्ला आणि बोटं चाटली. हटवारांची बायको तेव्हा होती. तिने ते ताट पुढे कितीतरी दिवस वेगळं ठेवलं होतं. त्याच महिन्यात भाऊसाहेब रायपूरला माझ्या चुलत भावाकडे आले होते. तिथे ते खुर्चीवर बसले, साबुदाण्याच्या खिचडीची तारीफ केली आणि 'मले' असा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. 'मला' म्हणाले, 'आपण' म्हणाले, एकदा तर 'अत्यंत' म्हणाले. मी हे हटवारांना मुद्दाम सांगितलं. वाटलं, थोडं तरी लागेल. ते खूश झाले. "पाहा, कसा हुशार मानूस हाये. तुमच्यात आला तं तुमच्यासारखा बोलला. अन् आमच्यात आला तं आमचाच."

त्यांच्याशी वाद घालता येत नसे. ते चिडत म्हणून नव्हे, कधीच चिडत नसत म्हणून. गणपतीच्या आरतीला भाऊसाहेब इतके उशिरा आले की निरंजनं दोनदा भरावी लागली आणि मुलं प्रसाद न घेता झोपली. हटवार म्हणाले, "कामाचा मानूस हाये. रिकामा मानूस वेळेवर येते." त्यानंतर थोड्याच दिवसांनी देवांगनजींना एका सभेला यायला उशीर झाला. हटवार म्हणाले, "याले मानसाची किंमत नाई." मी दोन्ही वाक्यं त्यांच्यासमोर शेजारी शेजारी मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि बैलांच्या पटाच्या शर्यती पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने निकाल दिला:

"बैल आपला असला तं धावते, सरजी. दुसऱ्याचा असला तं उधळते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यात ते विनोद करत नसत. त्यांना खरोखर तसंच दिसे. भाऊसाहेबांनी मोठी गाडी घेतली तेव्हा आमच्या रायपूरच्या पंगतीत बरीच कुजबुज झाली. हटवार त्या गाडीचं दार उघडायला पुढे धावले. मी विचारलं, तुम्ही अजून सायकलवर, याचं काही वाटत नाही? ते म्हणाले, "ते गाडीतून उतरतात तवा मीच उतरतो ना जी." मी इतिहासाच्या तासाला राजे आणि प्रजा यांच्याबद्दल बरंच बोललो आहे. या वाक्याच्या जवळपास जाईल असं मला काही सांगता आलं नव्हतं.

आमचं सांगायचं तर आम्हीही काही निराळे नव्हतो. भाऊसाहेबांवर आमचा विश्वास नव्हता, पण तो त्यांचं काम तपासून उडालेला नव्हता. तो त्यांच्या 'मले-तुले'वरून पहिल्या दिवशीच उडाला होता. पुढे आमचं म्हणणं बरोबर निघालं तेव्हा ते कोणी ऐकलं नाही, याचं कारण तिथेच आहे.

हटवारांना एकच मुलगी, रेखा. ती माझ्या शाळेत होती. हुशार, थोडी अबोल. तिचं लग्न झालं प्रमोदशी. तोही भंडाऱ्याकडचाच, फिटर. प्लांटमध्ये आता वडिलांसारखी नोकरी कोणाला मिळत नाही. प्रमोद दुर्गजवळ रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला आणि दोघं दुर्गला खोली घेऊन राहू लागले. ठेकेदार होता भाऊसाहेबांचा भाचा. ही जागा भाऊसाहेबांच्या शब्दाने मिळाली होती आणि हटवार ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगत. बायको गेल्यावर दर रविवारी लेक-जावई येत. प्रमोद आणि सासरे व्हरांड्यात बसून कामाच्या गोष्टी करत. मला भिंतीपलीकडून ऐकू येई: क्रेन, गिअर, बेअरिंग. दोघांचा तो आनंद होता.

एका रविवारी मीही तिथे बसलो होतो. प्रमोद म्हणाला, शेडमधल्या क्रेनवर चढायची जी लोखंडी शिडी आहे तिचा वरचा कठडा सुटला आहे. वेल्डिंग करायला पाहिजे, पण नुसता तारेने बांधून ठेवला आहे. सुपरवायजरला सांगितलं तर तो म्हणतो, काम थांबवता येत नाही. हटवारांचा चेहरा बदलला. आयुष्य रेल मिलमध्ये गेलेलं, तारेने बांधलेला कठडा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी खाली वाकून प्रमोदच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू टेन्शन नको घेऊ. मी भाऊसाहेबाच्या कानावर घालतो. त्याच्याच भाच्याचं काम हाये, एका दिवसात होऊन जाते."

आणि त्यांनी घातलं. हे मी ठामपणे लिहितो आहे, कारण मी तिथे होतो. त्याच आठवड्यात गणपतीच्या तयारीची बैठक होती. मी मंडळाचा सचिव, टेबलाशी बसलेला. हटवारांनी खुर्ची पुसली, भाऊसाहेब बसले, आणि हटवार दुपट्टा खांद्यावर टाकायच्या आधी, तो हातात तसाच धरून, त्यांच्याजवळ वाकले. शिडी, कठडा, तार, जावई, सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आजच सांगतो भाच्याले," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून विचारलं की मांडवाचं कोणाला दिलं. हटवार माझ्याकडे पाहून हसले. पाहिलं ना, असं ते हसणं होतं.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. प्रमोद एका दुपारी त्या शिडीवरून पडला.

देवांगनजींना बातमी सगळ्यांच्या आधी कळली, कारण त्यांची माणसं तिथल्या सगळ्या कारखान्यांत होती. तेच रेखाला घेऊन इस्पितळात गेले, पोस्टमार्टेमसाठी ताटकळले, शववाहिका ठरवली, बर्फ आणला. घाटावर लाकडं उतरवतानाही मी त्यांना पाहिलं. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. त्यांच्याबरोबर फोटोग्राफर होता. ते रेखाच्या डोक्यावर हात ठेवून रडले, आणि मला वाटतं खरंच रडले. त्यांना रडू चटकन येत असे.

ते गेल्यावर हटवार मला म्हणाले, "पाहिलं सरजी? आपला मानूस रडला." मी म्हणालो, देवांगनजी तीन दिवस इथेच होते. हटवारांनी मान हलवली. "तो राजकारन करून राहिला. त्याले हे कारखाने पायजेत."

एकाने मृतदेह आणला आणि एकाने फोटोग्राफर, पण राजकारण कोण करत होता हे हटवारांना आधीपासून ठाऊक होतं.

देवांगनजींनी मागे लागून चौकशी लावायला लावली. कारखान्याचं म्हणणं असं होतं, की कठडा सुटल्याचं कोणी कळवलंच नव्हतं; सुपरवायजरने कानावर हात ठेवले. म्हणजे रोज त्या शिडीवर चढणाऱ्या प्रमोदला धोका माहीत होता, त्याने तो कोणा जबाबदार माणसाला सांगितला नाही आणि तरी चढला. चूक त्याचीच. रेखाला भरपाई कमी मिळेल की जास्त, याची तिला त्या दिवसांत शुद्ध नव्हती. तिला एवढंच हवं होतं की मेलेल्या माणसाच्या नावावर 'निष्काळजी' हा शब्द लागू नये. प्रमोद दिव्याचं बटण दोनदा तपासणारा माणूस होता. आणि त्याने सांगितलं होतं, हे सिद्ध करायला एक माणूस पुरेसा होता. तिचे वडील. त्यांनी भाऊसाहेबांना सांगितलं होतं आणि भाऊसाहेबांनी भाच्याला सांगतो म्हटलं होतं. एवढंच सांगायचं होतं.

ती चौकशीच्या आदल्या दिवशी आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, तुमी फक्त जे झालं ते सांगा." हटवार हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. त्यांनी दुपट्टा धुऊन इस्त्री केलेला होता. तरी एका टोकाचा तांबूसपणा गेला नव्हता. तो कधीच जात नसे.

खोलीत अधिकारी होते, रेखा, देवांगनजी, ठेकेदार. भाऊसाहेब ठेकेदाराशेजारी बसले होते, थोडे खचलेले दिसत होते. अधिकाऱ्यांनी हिंदीत विचारलं: जावयाने तुम्हाला कठड्याबद्दल सांगितलं होतं का? हटवार म्हणाले, हो. मग तुम्ही ते पुढे कोणाला सांगितलं?

हटवारांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, ते जमिनीकडे पाहत होते. मला आजही वाटतं, ते जर वर पाहते, डोळे वटारते, धमकावते, तर हटवार कदाचित खरं बोलून गेले असते. पण हटवारांना दिसला तो खाली मान घालून बसलेला आपला माणूस, परक्यांच्या खोलीत, साहेबासमोर.

"भूल गया, साब," हटवार म्हणाले. "मी सांगनार होतो. गनपतीच्या धावपळीत राहून गेलं. माह्याच हातून चूक झाली."

रेखा वडिलांकडे अशी पाहू लागली, की जणू ते दूरवरून चालत येत आहेत आणि तिला ओळखू येत नाहीत.

मी उभा राहिलो. मंडळाच्या हॉलमध्ये, माझ्यासमोर, हटवारांनी भाऊसाहेबांना सगळं सांगितलं होतं, असं मी म्हणालो. ठेकेदार माझ्याकडे बघून हसला आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, हे सर रायपूरवाले, ह्यांचं आमच्या मामांशी पहिल्यापासून जमत नाही, कोणालाही विचारा. कोणालाही विचारलं असतं तर कोणीही तेच सांगितलं असतं, कारण ते खरं होतं. अधिकाऱ्यांनी हटवारांना पुन्हा विचारलं. हटवार माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सरजीचं मन चांगलं हाये. त्याईले तसं वाटलं असंन." सांगणाराच सांगितलं नाही म्हणतो, तर ऐकणाऱ्या तिसऱ्याचं काय धरायचं? अधिकाऱ्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. निष्काळजीपणा प्रमोदचा ठरला.

पुढे मंडळात जे झालं ते मी इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर लेखकाने तिखटमीठ लावलं म्हणालो असतो. पुढच्या गणपतीत, भरल्या मांडवात, भाऊसाहेबांनी हटवारांना जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "मानसाच्या हातून चूक होते. आमच्या तुळशीरामच्या हातून झाली. झालं गेलं, आपन त्याले दूर नाई करनार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका डोळे पुसत होत्या. निरोप पोचूनही ज्याने काही केलं नाही, त्याने निरोप पोचवणाऱ्याला निरोप न पोचवल्याबद्दल क्षमा केली, आणि क्षमा मिळालेला माणूस हात जोडून उभा होता. मग त्याने खुर्ची पुसली, कारण भाऊसाहेब बोलायला उठले तेवढ्या वेळात तिच्यावर धूळ बसली असेल.

मी त्यानंतर मंडळाचं सचिवपद सोडलं. त्याने मंडळाचं काही अडलं नाही.

रेखा वडिलांना सोडून गेली असती तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटे. ती गेली नाही. ती दुर्गच्या एका दुकानात कामाला लागली आणि दर रविवारी येत राहिली. डबा ठेवायची, भांडी घासायची, कपडे धुवायची, दुपट्टासुद्धा. बोलायची नाही. तिच्या वडिलांनी खोटं सांगितलं हे मी तिला पहिल्याच आठवड्यात दुर्गला जाऊन पुन्हा सांगितलं होतं. मला वाटलं, चौकशीतल्या माझ्या बोलण्यावर तिचाही विश्वास बसला नसेल. ती वडिलांना विसराळू समजत असेल. ती म्हणाली, "माहीत हाये काका. बाबा विसरनाऱ्यातले नाईत." मग हिंदीत, जणू ते मराठीत म्हणणं जड जात होतं: "भूल गए होते तो मैं माफ कर देती."

हटवार वाळत गेले. आधीही जाड नव्हते, पण आता दुपट्टा खांद्यावर टांगल्यासारखा दिसे. संध्याकाळी व्हरांड्यात बसत. आमच्याकडे संध्याकाळी प्लांटच्या बाजूला आकाश कधी कधी एकाएकी लाल होतं, भट्टीतली तापलेली मळी ओतली की. नवीन माणूस दचकतो. हटवार तिकडे पाहत बसत. माझ्याशी त्यांचं बोलणं बंद झालं नव्हतं. मीच कमी केलं होतं. तरी एका संध्याकाळी मी खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढून बसलो आणि विचारलं. कावून, हटवारजी? 'का' न म्हणता त्यांच्याच शब्दात विचारलं. मी तो शब्द आयुष्यात फार वेळा वापरलेला नाही.

मला वाटलं, बैलाचं वाक्य येईल. ते आलं नाही.

"तुमचं बरं हाये, सरजी," ते म्हणाले. "भाऊसाहेब खोटा निघाला तं तुमचं काई जात नाई. तुमी तुमच्या घरी. आमी याच्यामागं उभे राहून राहून मानसात आलो. हा खोटा निघाला तं आमी कोन होतो मंग? पुन्हा तोच, सायबाच्या दारात उभा राहनारा."

"आणि रेखा?" मी म्हणालो.

दुपट्टा खांद्यावरून काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालू लागले, मोडू लागले, घालू लागले. "पोट्टी माही हाये," ते म्हणाले. "मी कसाही असलो तं तिले मी बाप म्हनून चालनच. त्याले नाई ना जी चालत. त्याले लोक लागतात."

त्यांनी हिशेब केला होता, मनाशी पूर्ण केला होता, आणि ज्याचं नुकसान सहन होईल असं वाटलं त्याच्या नावावर टाकला होता. फक्त तो माणूस त्यांनी चुकीचा निवडला होता.

ते जानेवारीत गेले, सकाळी, चहा उकळत असताना. रेखाला मीच फोन केला.

दहाव्यानंतर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. रेल मिलचे जुने लोक आले होते. देवांगनजी आले आणि मागे उभे राहिले. रेखा वडिलांचा चौकटीतला फोटो पिशवीत घेऊन आली होती. तो ठेवायला टेबल आणायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मग भाऊसाहेब आले. त्यांच्यासाठी वाट झाली. ते लाकडी खुर्चीजवळ गेले आणि उभे राहिले.

ते का उभे राहिले हे पहिल्या क्षणी कोणाला कळलं नाही, बहुधा त्यांनाही नाही. शरीराला सवय असते. ते खुर्ची पुसली जाण्याची वाट पाहत होते. खुर्चीवर धूळ होती, बऱ्याच दिवसांची. पुढच्या रांगेतले दोघे चुळबुळले, पण आपण उठावं की नाही, हे ठरवेपर्यंत रेखा उठली होती.

तिच्या हातात वडिलांचा दुपट्टा होता. तिने खुर्चीची पाठ पुसली. मग हात, मग बैठक. मग वाकून पाय, एक एक, अगदी त्यांच्यासारखे. लहानपणापासून तिने ते पाहिलेलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना हुंदका आवरला नाही. भाऊसाहेबांनी हात जोडले आणि बसायला थोडे वळले. रेखाने पिशवीतून फोटो काढला आणि खुर्चीवर ठेवला. नीट, पाठीला टेकवून. मग दुपट्ट्याची घडी करून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. भाऊसाहेबांकडे तिने पाहिलं नाही. रागानेही नाही.

भाऊसाहेब वळलेले तसेच क्षणभर राहिले. त्यांच्यासारखा माणूस असा क्षण वाया जाऊ देत नाही. त्यांनी दोन्ही हात पुन्हा जोडले, फोटोसमोर मान वाकवली आणि उभ्यानेच बोलले. चांगलं बोलले. निष्ठा हा शब्द बऱ्याचदा आला. फोटोग्राफरने तो प्रसंग टिपला. आता तो फोटो मंडळाच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे: रिकामी नसलेली खुर्ची, आणि तिच्यासमोर हात जोडलेले भाऊसाहेब.

मला तेव्हा वाटलं होतं की लोकांनी पाहिलं. इतक्या लोकांसमोर, इतक्या उजेडात, एका मुलीने जे केलं ते काय होतं हे कळायला शिक्षणाची गरज नव्हती. दाराशी चपला शोधताना रेल मिलचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. हटवारांचे शिफ्टमधले सोबती. त्यांचे डोळे अजून ओले होते. त्यांनी माझा हात धरला.

"पाहिलं ना सरजी? आपली खुर्ची देऊन टाकली बापा मानसानं तुळशीरामले. असा नेता कुठं भेटते?"

रेखा बाजूलाच होती, एका हाताने भिंतीला धरून चपलेचा पट्टा लावत होती. दुपट्टा काखेत होता. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं, ती काही म्हणेल म्हणून थांबलो. तिने दुसऱ्या पायाचा पट्टा लावला आणि सरळ उभी राहिली.

"चला काका," ती म्हणाली. "दुर्गची ऑटो निघून जाईल."